शॉर्ट फिल्मचं रिफ्लेक्शन लिहायचंय, 'स्किल्स आणि टेक्नॉलॉजी'त नेमकं काय लिहितात?

दळण_आणि_कॅमेरा:
नमस्कार मंडळी, कोल्हापूरला मास कॉम करतेय, शेवटची सेमिस्टर. आमच्या ग्रुपने पिठाच्या गिरणीवर छोटी फिल्म केलीये, गिरणीवाले काका आणि दळण घेऊन येणारी एक आजी, दोनच पात्रं. फिल्म झाली एकदाची, आता त्यावर रिफ्लेक्शन लिहायचंय, कुठली स्किल्स वापरली, कुठली टेक्नॉलॉजी वापरली वगैरे. मी लिहून दिलं की फोनवर शूट केलं, ट्रायपॉड होता, कॉलर माइक, भाड्याने आणलेला रेकॉर्डर, एडिट दा विंची रिझॉल्व्हच्या फ्री व्हर्जनवर. तर मॅडम म्हणाल्या ही सामानाची यादी झाली, रिफ्लेक्शन कुठाय? आता अजून काय घालू यात? आणि बाकीच्या ग्रुप्सनी मिररलेस कॅमेरे आणलेले, आमचा आपला फोन, तर ते ठळक लिहावं की एका ओळीत उरकावं?

कटवाला:
मॅडमचं बरोबर आहे की. यादी कोणीही करेल. गिरणीत काय अडलं, त्यावर काय काय करता आलं असतं, तुम्ही त्यातलं काय केलंत आणि पडद्यावर काय दिसलं, एवढं लिहा, पानं आपोआप भरतात. गिरणीत ट्यूबलाइट होती ना? फ्लिकर आला असणारच.

दळण_आणि_कॅमेरा:
हो ना!! फ्रेममध्ये काळपट पट्टे सरकत होते नुसते. मग कॅमेऱ्यावरच्या पोराने मॅन्युअल सेटिंगचं अ‍ॅप टाकलं, शटर १/५० सेकंद केलं (म्हणजे प्रत्येक फ्रेमला तेवढाच वेळ उजेड घ्यायचा) आणि गेले पट्टे. का गेले ते कोणी विचारलं नाही, शॉट लावायची घाई होती 😅

कटवाला:
मग हाच तुमचा पहिला परिच्छेद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. शटर १/५० ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये बरोब्बर दोन ठोके बसतात, सगळ्या फ्रेमना सारखाच उजेड मिळतो. १/१०० लाही चालतं, तिथे एक ठोका. फोन ऑटोवर असला की तो १/६० नाहीतर १/१२० असलं काहीतरी धरून बसतो, मग हिशोब जुळत नाही आणि पट्टे फिरतात. आता बघा, 'मॅन्युअल अ‍ॅप वापरलं' ही टेक्नॉलॉजी झाली आणि पट्टे बघून शटरला हात घालायचा हे सुचणं हे स्किल. दोन्ही एकाच वाक्यात आलं पाहिजे.

फोनचं म्हणाल तर बिनधास्त लिहा. उजेड कुठून घेतला?

दळण_आणि_कॅमेरा:
दारातनं ऊन यायचं, त्यासमोर थर्माकोलची शीट धरून काकांच्या तोंडावर मारलं. शीट धरणारी मी, हात मोडून आला.

कटवाला:
भारी. सुब्रत मित्र माहितीयेत का? सत्यजित राय यांचे कॅमेरामन, 'पथेर पांचाली' सुरू झाला तेव्हा वय २१-२२ आणि त्याआधी मूव्ही कॅमेरा चालवलेला नव्हता. पुढे 'अपराजितो'ला (१९५६) बनारसच्या घराचा चौक स्टुडिओत उभा केला होता, तिथे वरून आभाळाचा उजेड यायला हवा, तर त्यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि खालून दिवे त्या कापडावर मारले. परत येणारा उजेड मऊ, सावल्या जवळजवळ नाहीत. तुमचं थर्माकोल त्याच वाटेवरचं आहे. हे लिहा, फक्त नाव टाकून मोकळं होऊ नका, तुमच्या कुठल्या शॉटला असाच उजेड का हवा होता ते सांगा.

बूम_खांद्यावर:
सगळे पिक्चरवरच बोलतायत, साउंडचं काय? चालू गिरणीत संवाद कसे घेतले??

दळण_आणि_कॅमेरा:
बंद करून घेतले, काकांनी दुपारचं गिऱ्हाईक थांबवलं आमच्यासाठी. घरघर नंतर वेगळी रेकॉर्ड करून खाली टाकली. पण एडिटला मोठ्या शॉटमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू सुटत गेले, सुरुवातीला जुळलेलं आणि शेवटी पार पुढेमागे.

बूम_खांद्यावर:
ते फोनचं व्हेरिएबल फ्रेम रेट. उजेड कमी झाला की फोन गुपचूप फ्रेम्स कमी काढतो, रेकॉर्डर आपला एकाच चालीने चालतो, आणि एडिटिंग सॉफ्टवेअर सगळं सारख्या अंतराचं धरून चालतं. आधी हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ कन्व्हर्टरमधून कॉन्स्टंट (सारख्या) फ्रेम रेटला काढून घ्यायचं आणि मगच टाइमलाइनवर. पण तुमच्या रिपोर्टला खरा माल म्हणजे गिरणी बंद ठेवायचा निर्णय. काकांना पटवलं कोणी, नुसत्या त्या जागेचा आवाज अर्धा मिनिट घेतला का, आजींच्या साडीवर माइक घासत होता का, हे सगळं स्किलमध्येच येतं. लोक सॉफ्टवेअरची नावं लिहितात आणि काकांशी बोलायला गेलेल्या पोरीचं नाव विसरतात.

पेठेतला_परश्या:
एवढं वाचतं कोण राव, मार्क फिल्मला असतात. दोन पानं खरडा आणि द्या.

बूम_खांद्यावर:
@पेठेतला_परश्या व्हायव्हाला हेच विचारतात, 'शटर १/५० का' म्हटलं की अर्धा ग्रुप छताकडे बघतो.

शिरोरेघ:
सबटायटल मराठीत दिलीत का? अ‍ॅडोबी प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये कोणी करत असेल तर प्रेफरन्सेसमध्ये टेक्स्ट इंजिन साउथ एशियनवर करावं लागतं, नाहीतर 'कि'ची वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. आणि टायटल्स जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केली असतील तर दुसऱ्या मशीनवर सगळी गिचमीड दिसते. 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' हा फॉन्ट घ्या, दोन्ही फुकट आहेत. मराठी फिल्मच्या रिपोर्टमध्ये यावर एक परिच्छेद तर पाहिजेच, इंग्रजी नमुन्यांत हा मुद्दा सापडायचा नाही.

दळण_आणि_कॅमेरा:
थँक्यू सगळ्यांना. आत्ता लिहून बघितलं: "गिरणीतल्या ट्यूबमुळे पट्टे येत होते. दिवे बदलावेत किंवा शटर बदलावं असे दोन मार्ग होते. दिवे बदलले असते तर गिरणी गिरणीसारखी दिसली नसती, म्हणून शटर १/५० केलं." असं चालेल? आणि कॉलशीट (कोणी कधी कुठे यायचं तो कागद), हाताने काढलेला स्टोरीबोर्ड (शॉट्सची चित्रं) जोडू का, त्यावर पीठ सांडलंय सगळीकडे.

कटवाला:
पळेल. दिवे न बदलायचं कारण लिहिलंत तेच हवं होतं. स्टोरीबोर्ड स्कॅन करून जोडा, आणि ज्या शॉटला बोर्ड सोडून वेगळं केलंत तिथे बाजूला का ते लिहा. पीठ झटकून घ्या आधी, स्कॅनरची काच खराब होईल.