मदत हवी आहे : कोलोनच्या अस्थिपेटीवरील मीनाकाम

जर्मनीतील कोलोनच्या कॅथेड्रलमध्ये, बायबलच्या परंपरेतील तीन राजांच्या अस्थींसाठी बाराव्या शतकाच्या अखेरीस घडवायला घेतलेली, सुमारे २२० सेंटिमीटर लांबीची सोनेरी पेटी आहे. तिच्यावरील संदेष्ट्यांच्या मूर्ती पत्रा मागून ठोकून उठवलेल्या असून, व्हर्दनच्या निकोलस या सोनाराच्या हातचे मानले जाणारे ते चेहरे इतके जिवंत आहेत की रत्नांकडे (माझे तरी) लक्षच जात नाही. माझा प्रश्न मात्र मूर्तींभोवतीच्या मीनाकामाच्या पट्ट्यांविषयी आहे. धातू कोरून खळग्यांत मीना भरण्याची आणि पातळ पट्टीचे कप्पे उभारून तो भरण्याची, अशा दोन्ही पद्धती तिथे आढळतात. त्या छायाचित्रांवरून वेगवेगळ्या कशा ओळखाव्यात? मीनाकारी जाणणाऱ्या सदस्यांनी कृपया नेमक्या खुणा सांगाव्यात.