‘फ्रीरेन’ संपवल्यावर पडलेला प्रश्न: गेममध्ये वर्षे का सरत नाहीत?

उत्तरवाट यांचा प्रश्न

‘फ्रीरेन: बियाँड जर्नीज एंड’चे २८ भागांचे पहिले पर्व आणि ‘व्हिनलँड सागा’चे २४ भागांचे दुसरे पर्व अशा दोन ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका नुकत्याच पाहून संपवल्या आणि लगोलग ‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्सपिडिशन ३३’ हा गेम खेळायला घेतला. तिन्ही आवडल्या. मात्र लागोपाठ अनुभवल्यामुळे त्यांच्यातली एक तफावत ठळकपणे जाणवली, म्हणून हा धागा काढत आहे.

‘फ्रीरेन’ची कथा मुळात गेम जिथे संपतो तिथे सुरू होते. राक्षसराजाचा वध झालेला आहे. वीर, धर्मगुरू, योद्धा आणि जादूगार अशी चौकडी दहा वर्षांच्या मोहिमेवरून परतली आहे आणि आता एकमेकांचा निरोप घ्यायचा आहे. पन्नास वर्षांतून एकदा होणारा उल्कावर्षाव पाहताना, दीर्घायुषी एल्फ असलेली फ्रीरेन सहज सांगून जाते की पुढच्या वेळी याहून चांगली जागा दाखवीन. शब्द पाळून ती परत येते तेव्हा चौकडीतला वीर हिमेल म्हातारा झालेला असतो. लवकरच तो जातो, आणि त्याच्या अंत्यविधीत तिला उमगते की दहा वर्षे सोबत काढूनही आपण या माणसाला जाणून घेण्याचा प्रयत्नच केला नाही. हे सारे पहिल्याच भागात घडते. तिथून पुढे पडद्यावर वर्षांची मोजदाद होते, तीही हिमेलच्या मृत्यूपासून.

मला सर्वांत जास्त भिडली ती त्यातली किरकोळ कामे. फ्रीरेन वाटेत कुणाचेही काम पत्करते आणि मोबदल्यात ब्राँझच्या पुतळ्यांवरचा गंज घालवण्याच्या मंत्रासारखे काहीतरी घेते. गेम खेळणाऱ्यांना ही रीत पाठ आहे. याच कामांना आपण साइड क्वेस्ट म्हणतो. मालिकेत मात्र त्यांची किंमत कुणाला तरी चुकवावी लागते. हिमेलच्या गावाकडचे एक फूल शोधण्यात फ्रीरेन महिनोन्‌महिने घालवते. तिच्या लेखी हा काळ काहीच नसतो, पण शिष्या फर्न माणूस आहे आणि तिचे आयुष्य त्यात खर्ची पडत असते. ‘व्हिनलँड सागा’तही केटिलच्या शेतावर गुलाम असलेला थॉर्फिन आइनारच्या जोडीने जंगल तोडतो, बुंधे उपटतो, गहू पेरतो. किती काळ गेला हे तिथे कुणी सांगत नाही. झाडांच्या जागी शेत दिसू लागते आणि आपण समजतो.

याउलट ‘एक्सपिडिशन ३३’ची कल्पनाच काळावर बेतलेली आहे. दरवर्षी एक आकडा रंगवला जातो आणि त्या वयाची माणसे नाहीशी होतात. प्रस्तावनेतला निरोपाचा प्रसंग मला अजूनही विसरता आलेला नाही. परंतु हे थांबवायला निघालेली मोहीम शहराबाहेर पडली, की दिनदर्शिका जणू थांबते. मी नकाशाचा कोपरा न्‌ कोपरा धुंडाळत बसलो तरी मागे राहिलेल्यांचे काहीच बिघडत नाही. बहुतेक मोठ्या गेमचे असेच आहे; ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये राजकन्येने शंभर वर्षे संकट रोखून धरलेले असते आणि आपण निवांतपणे अळंबी गोळा करत असतो.

ज्यात काळ खरोखर सरतो आणि त्याची झळ खेळाडूला लागते असा गेम आहे का, की या माध्यमाला ते झेपतच नाही? मी ‘एक्सपिडिशन ३३’च्या अर्ध्या वाटेवर आहे, तेव्हा कृपया त्याचा शेवट कुणी सांगू नये.

रातराणी यांचा प्रतिसाद

झेपत नाही, असे म्हणता येणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला ॲटलस कंपनीचा ‘मेटाफर: रेफँटाझिओ’ आपण खेळलेला दिसत नाही. त्यात पूर्ण कथा दिनदर्शिकेवर चालते. प्रत्येक मोठ्या कामाला मुदत असते, गुहेत उतरलात की दिवस संपतो, एका सोबत्याबरोबर संध्याकाळ घालवली की दुसऱ्याला ती देता येत नाही आणि दूरच्या गावी जायचे तर प्रवासातच काही दिवस जातात. त्या प्रवासात वाचन करावे, स्वयंपाक करावा, सोबत्यांशी बोलावे अशी सोय आहे, आणि वाटेतला हा रिकामा वेळ मला ‘फ्रीरेन’च्या फार जवळचा वाटला.

याहून जुने आणि कठोर उदाहरण म्हणजे २००० सालचा ‘मेजोराज मास्क’. चंद्र कोसळायला तीन दिवस उरलेले असतात आणि घड्याळ सतत पडद्यावर दिसते. संकट टाळायचे तर बासरी वाजवून पहिल्या दिवसाच्या पहाटेवर परतावे लागते, पण परतताच तुम्ही ज्यांना मदत केली ते सगळे लोक ती विसरून गेलेले असतात. अंजू आणि काफेई या जोडप्याची भेट घडवून आणण्यासाठी पूर्ण तीन दिवस त्यांच्या वेळापत्रकामागे धावावे लागते, आणि पुढच्या फेरीत ती भेट झालेलीच नसते. सर्वांचे सगळे एकट्या नायकाच्या, लिंकच्या, लक्षात राहते. फ्रीरेनची अवस्था याहून वेगळी कुठे आहे?

जुनापुराणा यांचा प्रतिसाद

‘मेटाफर’ मलाही आवडला, तरी हे उदाहरण मला पटत नाही. दिनदर्शिका हातात आली की खेळाडू हिशेबनीस होतो. कोणत्या संध्याकाळी कुणाला भेटल्यास कोणती शक्ती वाढेल याचे कोष्टक तो मांडतो, आणि मुदतीआधी चार दिवस शिल्लक राहिले तर आपण हुशारीने खेळलो असे त्याला वाटते. मूळ प्रश्नात वर्णन केलेली हळहळ अशी नाही. फ्रीरेनने वेळेचे नियोजन चुकवले नव्हते. वेळ जातो आहे हेच तिला जाणवले नव्हते. खेळाडूला तसेच गाफील ठेवून मागाहून जाणीव करून देणे ही खरी कसोटी आहे, आणि गंमत अशी की ती जुन्या गेमनी अधिक चांगली पेलली आहे.

१९९५ च्या ‘क्रोनो ट्रिगर’मध्ये एका उजाड मुलुखात पुन्हा जंगल उभे करायचे असते. रोबो हा यंत्रमानव सोबती त्या कामासाठी मागे थांबतो, आणि आपण कालयानात बसून चारशे वर्षे पुढे जातो. खेळाडूच्या दृष्टीने मध्ये काही क्षण जातात. उतरून पाहावे तर घनदाट जंगल आहे, आणि झिजून निश्चल झालेला रोबो एका मंदिरात पूजनीय वस्तू म्हणून ठेवलेला आहे. त्याला दुरुस्त केल्यावर सगळे शेकोटीभोवती बसतात. चारशे वर्षे त्याने एकट्याने काढली आणि आपण ती एका उडीत ओलांडली, ही तफावत गेम समजावून सांगत बसत नाही. फ्रीरेनच्या जागी इथे आपण असतो.

मात्र माझे खरे उत्तर १९९२ चा ‘ड्रॅगन क्वेस्ट ५’ हे आहे. गेम तीस वर्षांहून जुना असल्याने कथानक उघड करण्यास हरकत नसावी. ज्यांना नको असेल त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. नायक आपल्याला भेटतो तेव्हा लहान मूल असतो आणि वडिलांचे बोट धरून हिंडतो. वडील डोळ्यांदेखत मारले जातात, त्यानंतरची दहा वर्षे गुलामीत जातात, आणि ती एका झटक्यात सरतात. सुटका, भटकंती, लग्न, जुळी मुले, आणि सारे मार्गी लागले असे वाटत असतानाच नायकाचा दगड होतो. तो पुतळा विकला जातो आणि एका श्रीमंताच्या आवारात शोभेसाठी उभा केला जातो. ऋतू पालटतात, त्या घरातले मूल मोठे होऊ लागते, पुढे राक्षस त्याला पळवून नेतात आणि दुःखाने वेडापिसा झालेला बाप पुतळ्यावर राग काढतो. या सबंध काळात खेळाडूच्या हातात काहीही नसते. नियंत्रकावरचे कोणतेही बटण दाबले तरी उपयोग होत नाही. अखेर सोडवायला येतात ती नायकाचीच मुले, आणि त्यांचे बालपण त्याने पाहिलेलेच नसते. ज्या दंतकथेतल्या वीराचा शोध आधी वडिलांनी आणि मग त्याने घेतला, तो वीर आपला मुलगा आहे हेही तेव्हाच कळते.

ॲनिमेला कथा ओघाने पुढे नेता येते, कारण प्रेक्षकाकडून त्याला कृती नको असते. गेमकडे याहून प्रभावी हत्यार आहे, ते म्हणजे खेळाडूच्या हातातले नियंत्रण काढून घेणे. अलीकडचे निर्माते ते वापरायला बिचकतात.

चाकोरीबाहेर यांचा प्रतिसाद

बिचकण्यामागे व्यवहारही आहे. ॲनिमेत हिमेलला म्हातारा करायचा तर त्याची नवी आकृती आणि निराळा आवाज पुरतो, कारण पुढचे कथानक त्या एकाच धाग्यावर चालते. गेममध्ये पन्नास वर्षे सरली तर प्रत्येक गाव, प्रत्येक गावकरी, त्यांचे संवाद आणि दुकानांतला माल हे सगळे नव्याने घडवावे लागते. १९९८ च्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’ने सात वर्षांच्या अंतराने जवळजवळ तेच जग दोनदा दाखवले, पण त्या काळी जग लहान होते. आजच्या तपशिलाने ते दोनदा बांधणे खर्चाच्या दृष्टीने दोन गेम काढण्यासारखेच आहे. शिवाय काळ पुढे गेल्यामुळे एखादी गोष्ट कायमची हुकली तर अनेक खेळाडू चिडतात. वरच्या मांडणीत ‘ऑकारिना’चा उल्लेख हवा होता. त्यातही नायक लिंकच आहे, आणि सारिया ही त्याची बालमैत्रीण कोकिरी जमातीची असल्याने वाढतच नाही. मोठा झालेला लिंक परत येतो तेव्हा ती होती तेवढीच असते. ‘फ्रीरेन’मधलेच नाते, पण माणसाच्या बाजूने पाहिलेले.

उत्तरवाट यांचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. नियंत्रण काढून घेण्याचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे, आणि त्यामुळेच ‘एक्सपिडिशन ३३’ची प्रस्तावना इतकी का बोचली याचाही उलगडा होतो. तिथेही आपल्याला हिंडण्याफिरण्याची मोकळीक असते, पण जे व्हायचे ते रोखता येत नाही.

लढाईच्या पद्धतीबद्दल एक अवांतर. पाळीपाळीने चालणाऱ्या लढाईत शत्रूचा घाव नेमक्या क्षणी परतवण्याची सोय दिल्यामुळे हा गेम आळशीपणे खेळताच येत नाही. वर्षांबाबत इतका सैल असलेला गेम निमिषाबाबत एवढा काटेकोर असावा, याची मौज वाटते.

‘ड्रॅगन क्वेस्ट ५’ आता कुठे खेळता येईल? आणि ‘एक्सपिडिशन ३३’मध्ये काळ थांबतो या माझ्या तक्रारीवर कुणीच बोललेले नाही. ती योग्य आहे असे समजावे का?

रातराणी यांचा प्रतिसाद

अर्धीच योग्य आहे, असे मी म्हणेन. पुढचा काळ त्या गेममध्ये थांबतो हे खरे, पण मागचा काळ सर्वत्र साठलेला आहे. आपण जिथे विसावतो ते झेंडे आधीच्या मोहिमांनी रोवलेले असतात, कड्यांवर चढण्यासाठी लावलेल्या खुंट्या त्यांच्याच असतात, आणि त्यांच्या नोंदवह्या तर जागोजागी सापडतात. मागून येणाऱ्यांसाठी काहीतरी ठेवून जायचे हे या मोहिमांचे ब्रीदच आहे. हिमेल गावोगावी स्वतःचे पुतळे उभारून घेत असे. सुरुवातीला तो त्याचा दिखाऊपणा वाटतो आणि नंतर समजते की फ्रीरेन भविष्यात एकटी पडू नये म्हणून त्याने ते केले होते. झेंडे आणि पुतळे एकाच हेतूने उभे आहेत. त्या नोंदवह्या घाईघाईने गोळा करून पुढे जात असाल, तर तसे करू नका; प्रत्येक नोंद पूर्ण ऐका.

‘ड्रॅगन क्वेस्ट ५’ निन्टेन्डो डीएसवर आला होता आणि मोबाइलवरही मिळतो. मोबाइलची आवृत्ती उभ्या पडद्यावर एका हाताने खेळता येते.

जुनापुराणा यांचा प्रतिसाद

मोबाइलची आवृत्ती चांगली आहे, तिथूनच सुरुवात करा. फक्त लग्नाच्या प्रसंगी वधू निवडायची वेळ येईल तेव्हा कुठलेही कोष्टक न पाहता निवडा, कारण कोणत्या वधूमुळे किती फायदा होतो हे शोधायला गेलात, तर ‘मेटाफर’बद्दल मी वर केलेली तक्रार तुम्हालाही लागू होईल. यावर रातराणी यांचे आणि माझे एकमत होण्याची चिन्हे मात्र दिसत नाहीत.