मदत हवी आहे: सायकल, होडी आणि रोहित पक्षी (फ्लेमिंगो) एकाच दिवसात. भरतीचं गणित कसं जुळवायचं?

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. फेब्रुवारीत नागपूरहून भाऊ-वहिनी आणि दोघं भाचे (वय 9 आणि 13) येणार आहेत. मुलांनी खाडी कधी पाहिलेली नाही, आणि या वेळी मॉलमध्ये न नेता खाडीच दाखवायची हे माझं पक्कं आहे.

गेल्या वर्षी लेकीला घेऊन ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात गेले, ते वेळ न बघताच. दुपारी पोचलो तर पूर्ण ओहोटी. बोट निघणार नव्हती. समोर चिखल, आणि पार लांब एक गुलाबी रेघ. परतताना लेक गाडीत एक शब्द बोलली नाही. तसं पुन्हा होऊ द्यायचं नाही.

आमच्या मासळीवाल्या मावशींनी हिशेब शिकवलाय: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. भरतीच्या तक्त्यात वेळ थोडी मागेपुढे असते, पण सुट्टीचा दिवस निवडायला हा अंदाज पुरतो.

अडचण पुढे आहे. बोटीला पाणी हवं, आणि पक्ष्यांना चिखल. ते चोच उलटी करून चिखल-पाण्यातलं शेवाळ गाळून खातात, त्यामुळे पाणी पूर्ण चढलं की उठून नेरूळकडच्या डीपीएस शाळेजवळच्या तलावावर आणि चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीवर जातात. म्हणजे पाणी चढत असताना बोट आणि भरतीला तलाव, असा क्रम लावला तर दोन्हीकडे पक्षी भेटतील असं मला वाटतं.

षष्ठी धरली तर सकाळी सायकल, अडीच-तीनला बोट, पाचला तलाव. उन्हं कलल्यावर त्यांचा रंग फार सुंदर दिसतो, म्हणून माझं मन इकडे झुकतंय. पण षष्ठी-सप्तमीकडे भांगाची भरती लागते, पाणी कमी चढतं. मग चिखल उघडाच राहून पक्षी तलावाकडे फिरकलेच नाहीत तर? द्वादशी घेतली तर सकाळी सातलाच बोट हवी. इतक्या लवकर सुटते का? मुंबई बंदराच्या मानाने ऐरोलीला भरती किती उशिरा येते, हेही नेहमी जाणाऱ्यांनी सांगावं.

सायकलसाठी पाम बीच रस्ता मुलांना घेऊन नको, गाड्या फार वेगात असतात. नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ तलावाभोवतीच्या वाटेवर लहान मुलांना सायकल चालवू देतात का? भाड्याने कुठे मिळेल?

मुलांना स्वतः वल्हवायचंय. खाडीतल्या रोहित अभयारण्यात तो हट्ट नको, त्यासाठी दुसऱ्या दिवशी ठाण्यातल्या तलावपाळीला नेईन.

आणि आई. वय 72, गुडघे दुखतात, पण तिला यायचंच आहे. तिला खरं तर गणेशपुरीच्या गरम कुंडांवर जायचं होतं. नातवंडांसाठी तिने ते पुढे ढकललंय. ऐरोलीला बोटीत चढता-उतरताना पायरी किती उंच आहे? हाताला धरायला काही आहे का? बाकी सगळं जुळलं आणि आई धक्क्यावर बसून राहिली, तर मला तो दिवस नको आहे. तिला जमणार नसेल तर स्पष्ट सांगा, मी बोट सोडून पूर्ण दिवस तलावाकाठी आखेन.

डीपीएस तलावात सध्या भरतीचं पाणी नीट येतंय का, हे सीवूड्सच्या कुणी या आठवड्यात पाहिलं असेल तर जरूर लिहा.