पत्र्यावरचा पाऊस काढायचा की ठेवायचा?

पेठकर

लोकहो, एक सल्ला हवाय. थोडं पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

२००३ च्या जुलैमध्ये माझ्या मित्राच्या बँडने पुण्यात, एका कार्यालयाच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये कार्यक्रम केला होता. बँड म्हणजे तिघं. गाणारा स्वतःच गिटार वाजवायचा, एक ढोलकीवाला, आणि इंजिनिअरिंगला वर्षभर मागे राहिलेला एक पेटीवाला. सगळी गाणी मराठी आणि स्वतःची. 'इंडी' हा शब्द आमच्यापर्यंत पोचला नव्हता, आम्ही 'ती पोरं आपलीच गाणी म्हणतात' असं सांगायचो आणि समोरचा विचारायचा, "का? चांगली नाही येत का?" प्रवेशिका २० रुपये, त्यात वडापाव आणि चहा. श्रोते बावीस, पैकी चार गायकाच्या घरचे.

मी मामाचा टेपरेकॉर्डर मागून आणला होता. प्लगपॉइंट एकच, तो अँप्लिफायरला गेला, म्हणून टेप सेलवर चालवला. सेलही मामाचेच, म्हणजे आधीच अर्धे संपलेले. ६० मिनिटांची कॅसेट, खुर्चीवर उशी, उशीवर टेप. बाजू उलटेपर्यंत तिसऱ्या गाण्याचं शेवटचं कडवं गेलं. ते आता जगात कुठेही नाही, आणि त्याला जबाबदार मी.

पाचवं गाणं सुरू झालं आणि पत्र्यावर पाऊस कोसळला. टेपमध्ये ऐकू येतं: तीन शब्द गाऊन तो थांबतो, हसतो, म्हणतो, "थांबा, याला आधी गाऊ दे." मग ढोलकीवाला पावसावरच ठेका धरतो आणि हा वरच्या पट्टीत ओरडल्यासारखा गातो. त्याच गाण्याच्या शेवटी दिवे गेले. सहावं गाणं अंधारात, माइकशिवाय.

त्याच दिवाळीत बँड मोडला. गायक आता कॅनडात विम्याच्या कंपनीत आहे. दुसरी प्रत नाही, फोटोसुद्धा दोनच.

गेल्या महिन्यात कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली. एका सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन लावलं. पाऊस गेला, पण गायक हंड्यात तोंड घालून गातोय असं वाटायला लागलं आणि टाळ्या पापड मोडल्यासारख्या. कमी लावलं तर दोन्ही अर्धवट. शिवाय एक गोष्ट खटकतेय. त्याचा आवाज टेपवर कोवळा, जरा चिमटलेला येतो. मला आठवतो तो भरदार आवाज. वीस वर्षांत मीच तो मनात वाढवून ठेवला असणार.

तर प्रश्न: पाऊस काढायचा की ठेवायचा?

माझा कल सांगतो. माझ्या लाइव्ह रेकॉर्डिंगांत पहिला नंबर इंडियन ओशन या बँडच्या 'डेझर्ट रेन' अल्बमचा. १ जानेवारी १९९७, दिल्ली, पथनाट्यवाले सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ 'सहमत' या संस्थेने भरवलेला कार्यक्रम. सुस्मित सेनची गिटार, राहुल राम बेसवर, अमित किलम ड्रम्सवर, आणि असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गातोय. पुढे २००० साली आलेला त्यांचा स्टुडिओतला अल्बम 'कंदिसा' जास्त लोकांपर्यंत पोचला, जास्त नेटका आहे, आणि 'मा रेवा' त्यातच आहे. नर्मदेचं गाणं, आणि राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेला माणूस, त्यामुळे ते नुसतं छान चालीचं गाणं राहत नाही. तरी रात्री अकरानंतर माझा हात 'डेझर्ट रेन'कडेच जातो. तिथे चौघं एकमेकांकडे बघत वाजवताहेत हे ऐकू येतं. तबल्याने जागा सोडली की बेस तिथे शिरतो, आणि शिरायच्या आधी क्षणभर घुटमळतो. ते घुटमळणं स्टुडिओत कुणीतरी कापून टाकलं असतं.

तुमच्याकडे अशी रेकॉर्डिंगं असतील तर तीही सांगा.

मिक्सरवाला

दादा, पहिली गोष्ट. जी फाइल उतरवलीय तिला हात लावू नका. तिची प्रत काढा आणि खेळ प्रतीवर करा. आणि खरं सांगायचं तर परत उतरवा. डेकचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, कापसाची काडी काळी येईल, पांढरी येईपर्यंत पुसा. मग हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, अझिमथचा, म्हणजे हेडचा कोन जुळवायचा. टेप चालू ठेवून तो अगदी केसभर फिरवत राहा. एका ठिकाणी पेटीचा आणि टाळ्यांचा वरचा आवाज एकदम उघडेल. तिथे थांबा. निम्मी लोकं हे न करता सॉफ्टवेअरच्या मागे लागतात. वेव्ह फाइल करा, २४ बिट. एमपी-थ्री नंतर वाटायला.

आता पाऊस. नॉइज रिडक्शन कसं चालतं, तर नुसत्या गोंगाटाचा एक तुकडा तुम्ही त्याला दाखवता आणि ते तसलं जे जे दिसेल ते वजा करतं. टेपची सूं एकसारखी असते, ती जाते. पत्र्यावरचा पाऊस एकसारखा नसतो, आणि खालपासून वरपर्यंत सगळीकडे पसरलेला असतो. तुमच्या मित्राचे 'स', 'श', गिटारची तार छेडल्याचा आवाज, सगळं त्याच पट्ट्यात. पाऊस काढला की तेही जाणार. म्हणून हंडा. सूं थोडी कमी करा, बाकी सोडा.

आणि तो आवाज कोवळा का येतो ते मला वाटतं मी सांगू शकतो. तुम्हीच लिहिलंय, सेल अर्धे संपलेले. सेल उतरले की मोटर हळू फिरते. हळू फिरत रेकॉर्ड झालेली टेप नीट चालणाऱ्या डेकवर लावली की भराभर पळते, पट्टी चढते. तुमच्या आठवणीला उगाच दोष देऊ नका. अँप्लिफायरची घरघर येते का टेपवर? गाण्यांच्या मधे? ती काढून टाकली नसेल तर तिची फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती कंपनं (हर्ट्झ), मोजून सांगा.

खर्जातले काका

पेठकर, तुम्ही मंडळी हे नवीन काहीतरी सापडल्यासारखं बोलता म्हणून चार शब्द.

आमच्या पिढीने गाणं दोन वाटांनी ऐकलं. एक ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकड्या. तीन-साडेतीन मिनिटांत राग आटपायचा. केरीच्या केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच. आणि दुसरी वाट म्हणजे खासगी मैफलींची स्पूलं. कुणाच्या तरी दिवाणखान्यात, गाद्यांवर बसून ध्वनिमुद्रण केलेली. मग प्रतीची प्रत, तिची प्रत. माझ्याकडच्या एका प्रतीत मारवा सुरू आहे आणि मागे पानाच्या डब्याचं झाकण वाजतं. चाळीस वर्षं ऐकतोय. आता दुसऱ्या कुणाचा मारवा ऐकताना त्या जागेला मी झाकणाची वाट बघतो.

मात्र एक. दाद ठेवा, पाऊस ठेवा, पण शेजारी बसून बोलणाऱ्याला काढता आलं तर जरूर काढा. त्या मारव्यात एक गृहस्थ 'गाडी किती वाजता आहे' असं विचारतात. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

अटलांटाकर

काका, त्या गृहस्थांचे एक चुलतभाऊ इकडे न्यूयॉर्कलाही होते! व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडचं, मॅक्सेस कॅन्सस सिटी नावाच्या तिथल्या बारमधलं रेकॉर्डिंग ऐका. २३ ऑगस्ट १९७०. ब्रिजिड पोक नावाच्या बाईंनी टेबलावर साधा कॅसेट रेकॉर्डर ठेवून केलेलं, १९७२ मध्ये त्याचाच अल्बम निघाला. गाण्यांच्या मधे जिम कॅरोल हा कवी पेर्नो ही दारू मागवताना स्वच्छ ऐकू येतो. डबल. त्यांचा गायक लू रीड याची त्या बँडबरोबरची ती शेवटची रात्र, हे तिथे बहुतेकांच्या गावीही नाही. मला त्या कवीचा राग येत नाही. तो नसता तर आपण बारमध्ये आहोत हे कळलं नसतं.

माझं लाडकं मात्र इथून जवळचंच. अथेन्स, म्हणजे आमच्या जॉर्जियामधलं, गाडीने दीड-पावणेदोन तास. तिथे जिटरी जोज नावाच्या कॉफीच्या दुकानात १९९७ मध्ये न्यूट्रल मिल्क हॉटेल या बँडचा जेफ मँगम एकटा गिटार घेऊन गायला. २००१ मध्ये ते रेकॉर्डिंग बाहेर आलं. त्यात एक तान्हं बाळ रडतं, मधेच, चांगलं मोठ्याने. आणि तो गातच राहतो. माझी मुलगी तीन महिन्यांची असताना रात्री दोन वाजता मी हे हेडफोनवर ऐकत तिला फिरवायचे. कुठलं बाळ रडतंय ते कळायचं नाही, आणि एक हेडफोन काढून बघावं लागायचं.

पाऊस ठेवा हो पेठकर. आमच्याकडे पत्र्यावरचा पाऊस मिळत नाही.

उगाच

सगळे एकाच सुरात बोलताहेत म्हणून विरोधी पक्ष. गोंगाट म्हणजे प्रामाणिकपणा हे कुणी ठरवलं? रेडिओहेड या बँडचं 'ट्रू लव्ह वेट्स' हे गाणं १९९५ पासून स्टेजवर वाजत होतं. २००१ च्या लाइव्ह अल्बमवर गिटारसकट आलं, पब्लिक फिदा. पण त्यांचं समाधान होईना. २०१६ मध्ये स्टुडिओत, गिटार बाजूला ठेवून, पियानोवर केलं. एकवीस वर्षं. मला ते स्टुडिओतलंच खरं वाटतं. माणूस थकल्यावर तेच शब्द कसे म्हणतो ते लाइव्हमध्ये नव्हतंच.

तुमच्या मित्राला विचारलंत का, त्याला पाऊस हवाय का? गाणं त्याचं आहे.

पेठकर

उगाच, बरोबर बोललात. विचारलं नव्हतं. आज मेल टाकली.

मिक्सरवाले, तुम्हाला साष्टांग. सॉफ्टवेअरने सगळ्यात आधी घरघरच पुसली होती, म्हणून मूळ फाइल काढून मोजली. पहिल्या गाण्याआधी ५०.५ हर्ट्झ. पाचव्याच्या आधी ५१.५. याचा अर्थ काय?

मिक्सरवाला

अर्थ असा की आपली वीज ५० हर्ट्झची. अँप्लिफायर त्याच सुरात घरघरतो. टेपवर ५०.५ दिसतंय म्हणजे टेप १ टक्का जोरात पळतेय. पाचव्या गाण्याला ३ टक्के. सेल जसे उतरत गेले तसा फरक वाढत गेला, अगदी तुम्ही सांगितलेल्या गोष्टीसारखाच. ३ टक्के म्हणजे जवळजवळ अर्धी पट्टी वर. चार मिनिटांचं गाणं सात सेकंद लवकर संपतं. जी घरघर तुम्ही पहिली हाकलली तिनेच पट्टी सांगितली.

पण डोळे झाकून विश्वास नको. त्या काळी विजेच्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी आजच्याइतकी पक्की नसायची. आणि सहाव्या गाण्याला वीजच नाही, म्हणजे घरघर नाही. पण पेटी आहे ना? पेटीचे सूर वीस वर्षांत जरा हलतात, इतके नाही हलत. ती पेटी कुठाय?

पेठकर

पेटी कोथरूडला निघाली. पेटीवाला आता एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, पेटी माळ्यावर, वर सुटकेस आणि तिच्यावर गणपतीची मखर. रविवारी गेलो. वहिनींनी "या वयात काय हे" असा चेहरा करून चहा दिला. भात्याला एक भोक पडलं होतं, त्याने ते अंगठ्याने दाबून धरलं, मी काळी एक दाबली आणि फोनवरच्या ट्यूनरने मोजली: २७८ हर्ट्झ. सहाव्या गाण्यात तोच सूर २८८ येतो. साडेतीन टक्क्यांच्या वर. पाचव्या गाण्यातही पेटीवरून काढलेला वेग घरघरीवरून काढलेल्या वेगाशी जुळला, अगदी किंचित फरकाने.

मग घरी येऊन प्रत्येक गाण्याचा वेग वेगळा उतरवला. हेड पुसलं, स्क्रू फिरवला (काडी चार वेळा काळी आली). सूं थोडी कमी केली. बाकी काही नाही.

आवाज आला. तोच. छातीतून येणारा, ओळीच्या शेवटी जरा खरखरणारा. म्हणजे मी तो मनात वाढवला नव्हता. गंमत म्हणजे पाऊसही बदलला. आधी तो पत्र्यावर खडे टाकल्यासारखा तडतडत होता, आता जड झालाय, जुलैतला वाटतो. ढोलकीवाला त्याच्यावर ठेका धरतो तिथे मी तीनदा मागे गेलो. सहाव्या गाण्यात, अंधारात, कुणीतरी काडेपेटी ओढतं. पहिली काडी विझते. हे याआधी कधी ऐकूच आलं नव्हतं.

गायकाची मेल रात्री आली. पावसाबद्दल एक अक्षर नाही. फक्त एवढंच: "पाचव्या गाण्यात तिसरी तार उतरली होती रे. तेव्हा कुणी सांगितलं का नाही?"

बावीस जण होतो. कुणाला कळलंच नव्हतं. आता पट्टी नीट केल्यापासून मला ती तार स्पष्ट बेसूर ऐकू येते, आणि ती काही कुठल्या टक्क्याने सुधारत नाही.

तीन दिवसांनी त्याने परवानगी दिली. उद्या फाइल इथे टाकतो. काका, शेजारी बसून बोलणारा एक जण याही टेपमध्ये आहे, दुसऱ्या गाण्यात 'वडा गार झाला' म्हणतो. तो मीच आहे, त्यामुळे काढलेला नाही. पाचवं गाणं लागायच्या आधी आवाज जरा कमी करून ठेवा, पाऊस एकदम येतो.