कॅल्डर कप जिंकून देणारा गोली तीन आठवड्यांत का दिला? व्हँकुव्हर, ॲबट्सफर्ड आणि ऑफसीझनचे हिशेब

पहाटेचा_पक (सिडको, नाशिक)

२०२५ च्या २३ जूनला, म्हणजे आपल्याकडे २४ च्या पहाटे, ॲबट्सफर्डने शार्लटला सहाव्या सामन्यात ३-२ ने हरवून कॅल्डर कप, म्हणजे एएचएल या दुसऱ्या पातळीच्या आईस हॉकी लीगचा चषक, घेतला. ॲबट्सफर्ड ही एनएचएल या वरच्या लीगमधल्या व्हँकुव्हरची फार्म टीम, म्हणजे खेळाडू तयार करणारा खालचा संघ. गोली आर्टर्स शिलोव्स प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पाच शटआउट (एकही गोल न खाता जिंकलेले सामने) दिले. आणि १३ जुलैला व्हँकुव्हरने त्याला पिट्सबर्गला देऊन टाकलं. बदल्यात चेस स्टिलमन आणि २०२७ च्या ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या वाटपातली) चौथ्या फेरीची निवड, बस्स. २४ वर्षांचा गोली, २०२४ च्या स्टॅन्ली कप प्लेऑफमध्ये खेळलेला. एवढ्या स्वस्तात?

दुसरं असं की एप्रिलपर्यंत व्हँकुव्हरकडे असलेले काही जण एएचएलच्या प्लेऑफमध्ये उतरले, काहींना उतरताच आलं नाही. हे कशावरून ठरतं?

आणि पुढच्या वर्षी असा धक्का बसू नये म्हणून कोण राहणार, कोण जाणार हे आपलं आपण आधी कसं ताडायचं? नुसती मतं नकोत, नियम आणि आकडे हवेत.

गंगापूररोड_गोली

शिलोव्सचं उत्तर एका शब्दात: वेव्हर्स, म्हणजे खेळाडू खाली पाठवण्याआधी इतर संघांना तो उचलायची संधी देणं. २०२४-२५ पर्यंत त्याला सूट होती, कितीही वेळा वर-खाली करता येत होतं. २०२५-२६ पासून ती सूट संपली. मग त्याला ॲबट्सफर्डला पाठवायचं तर आधी २४ तास वेव्हर्सवर ठेवावं लागलं असतं. त्या २४ तासांत उरलेल्या ३१ संघांपैकी कुणीही हात वर केला की गोली गेला, बदल्यात खेळाडूही नाही आणि निवडही नाही.

सूट ठरते ती पहिला करार कोणत्या वयात केला त्यावरून. १८ व्या वर्षी सही करणाऱ्या स्केटरला (गोली सोडून बाकी खेळाडूला) ५ हंगाम किंवा १६० एनएचएल सामने, १९ ला ४ हंगाम किंवा १६०, २० ला ३ किंवा १६०, २१ ला ३ किंवा ८०. दोन्हीपैकी जे आधी पुरं होईल ते. २५ व्या वर्षी किंवा नंतर आलेल्याला एकच वर्ष. गोली उशिरा पिकतात म्हणून त्यांना जास्त मुभा: १८ ला ६ हंगाम किंवा ८० सामने, १९ ला ५ किंवा ८०, २० ला ४ किंवा ८०.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. टू-वे करार म्हणजे वेव्हर्सशिवाय खाली पाठवता येतं, असं समजतात. तसं नाही. टू-वे म्हणजे एनएचएलमध्ये एक पगार आणि एएचएलमध्ये दुसरा, एवढंच. वेव्हर्सचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आता व्हँकुव्हरचं क्रीज, म्हणजे गोलीची जागा, बघा. केविन लँकिनन वर्षाला ४५ लाख डॉलर, पाच वर्षं, फेब्रुवारीतच सही झालेली. थॅचर डेमको २०२५-२६ ला ५० लाखांवर आणि १ जुलैला त्याची पुढची तीन वर्षं वर्षाला ८५ लाखांनी बांधली. डेमकोची सही झाली त्या क्षणी शिलोव्स तिसरा झाला. सामन्याला २० जण उतरतात, १२ फॉरवर्ड, ६ डिफेन्समन, २ गोली. रोस्टर, म्हणजे संघाची नोंदवलेली यादी, २३ चा. उरलेल्या तीन जागांतली एक तिसऱ्या गोलीला दिली की दौऱ्यावर दोनच राखीव स्केटर हाताशी राहतात. एक डिफेन्समन आजारी, एका फॉरवर्डचा खांदा दुखावला की संपलं. आणि तिसरा गोली सामन्याविना बसून गंजतो तो वेगळाच. ॲबट्सफर्डसाठी दुसरा गोली निकिता टोलोपिलो हाताशी होताच.

सिडको_ब्लूलाइन

वेव्हर्सचं पटलं, पण घाई पटली नाही. सप्टेंबरअखेर सगळेच संघ माणसं कमी करतात, वेव्हर्सची यादी लांबलचक असते. त्या गर्दीत शिलोव्स सुखरूप निघाला असता आणि ॲबट्सफर्डला पुन्हा कप राखायची संधी मिळाली असती.

गंगापूररोड_गोली

गर्दीत सुटतो तो चौथ्या फळीतला विंगर. नुकताच कॅल्डर कप घेतलेला २४ वर्षांचा गोली सुटत नाही. १ नोव्हेंबरपर्यंत वेव्हर्सचा क्रम गेल्या हंगामाच्या गुणतक्त्याच्या उलट असतो, तळाचा संघ आधी. तळाच्या संघांना गोलीच हवा असतो आणि त्यांना तो फुकट मिळणार. शिवाय सप्टेंबरमध्ये व्हँकुव्हरपुढे दुसरा रस्ता नाही हे समोरचा ओळखून असतो, मग चौथी फेरीसुद्धा कुणी देत नाही. जुलैत भाव आला तोच खरा भाव. स्टिलमनलाही नुसती भरती समजू नका. २०२१ ला न्यू जर्सीने त्याला पहिल्या फेरीत घेतला होता. ॲबट्सफर्डमध्ये जागा भरायला असाच माणूस लागतो.

एक पळवाट आहे, तीही सांगतो. तुमचा खेळाडू दुसऱ्याने उचलला आणि त्याने पुढे त्याला खाली पाठवायला पुन्हा वेव्हर्सवर टाकला, तर तो तुम्हाला परत उचलता येतो. आणि उचलणारे तुम्ही एकटेच असाल तर थेट एएचएलला पाठवता येतो. पण हा बेत दुसऱ्याच्या मर्जीवर चालतो. यावर कुणी हंगाम उभा करत नाही.

द्राक्षबाग_दिंडोरी

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण तिथेच खरी मेख आहे.

एएचएल प्लेऑफसाठी नियम असा: एनएचएलची ट्रेड डेडलाइन (खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत) संपते त्या घटकेला खेळाडू एएचएलच्या रोस्टरवर असला पाहिजे. २०२५ ला ही घटका ७ मार्च, पूर्वेकडच्या वेळेने दुपारी ३. आपल्याकडे ८ मार्चचे पहाटे दीड. तेव्हा त्या दिवशी संघ कागदोपत्री चाल करत. खेळाडू हलत नसे, त्याची बॅगही हलत नसे, फक्त नोंद होई की तो ॲबट्सफर्डला गेला, आणि डेडलाइन उलटल्यावर परत बोलावल्याची दुसरी नोंद. सातबाऱ्यावर नाव चढल्यासारखं आहे. त्या दुपारी ज्याचं नाव चढलं, त्याला व्हँकुव्हरचा हंगाम संपल्यावर खाली येऊन कॅल्डर कप खेळता येतो. ज्याचं नाही चढलं, तो गॅलरीतून बघतो.

मग सगळ्यांचीच नावं का चढवत नसत? पुन्हा वेव्हर्स. सूट असलेल्यालाच अशी कागदी फेरी मारता येत असे. सूट संपलेल्याला त्या दिवशी खाली दाखवायचं तर २४ तास उघड्यावर ठेवावा लागेल. आणि परत वर आणणंही फुकट नाही. २०२५ च्या डेडलाइननंतर एएचएल संघाचा हंगाम संपेपर्यंत चारच साधे रिकॉल (परत वर बोलावणं) मिळत होते. दुखापतीमुळे माणूसच उरला नाही तर इमर्जन्सी रिकॉल वेगळे, त्यांना आकड्याची मर्यादा नाही. सहा जणांची कागदी फेरी मारली असती तर दोघं खालीच अडकले असते, म्हणून नावं मोजून निवडावी लागत.

ज्युनिअर किंवा कॉलेजचा हंगाम संपवून आलेली मुलं यात अडकत नाहीत, ती अमॅच्युअर ट्रायआउटवर (हौशी खेळाडूंच्या चाचणी करारावर) नंतरही येऊ शकतात. एप्रिलमध्ये अचानक १९ वर्षांचा पोरगा तिसऱ्या लाइनवर दिसला तर गोंधळू नका.

प्लेऑफची रचनाही लक्षात ठेवा, ती सरळ नाही. २०२५ ला ३२ पैकी २३ संघ पात्र ठरले: अटलांटिक विभागातून ६, नॉर्थ आणि सेंट्रलमधून ५-५, पॅसिफिकमधून ७. पहिली फेरी तीन सामन्यांची, नंतरच्या दोन पाच-पाचच्या, मग कॉन्फरन्स फायनल आणि फायनल सात-सातच्या. तीन सामन्यांच्या फेरीत एक वाईट रात्र पुरते. ॲबट्सफर्डने टूसॉनविरुद्ध ती फेरी २-१ ने काढली, पुढे कोचेला व्हॅली, कोलोरॅडो, टेक्सस आणि शार्लट. एकूण २४ सामने, म्हणजे ७२ सामन्यांच्या हंगामाचा आणखी एक तृतीयांश. हे २४ सामने २०-२२ वर्षांच्या मुलांनी खेळणं ही व्हँकुव्हरची खरी कमाई आहे. खालून जिंकतात म्हणून काय, असं म्हणणाऱ्यांना आपल्या भागात सांगायची सोपी गोष्ट: घड ऑक्टोबरच्या छाटणीनंतर दिसतो, पण काडीत तो धरतो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर. तेव्हा पाणी आणि ऊन चुकलं तर ऑक्टोबरात कितीही फवारा, वेल वांझ निघते.

एएचएलचा एक नियम ऑफसीझनला थेट बांधलेला आहे. सामन्याला उतरणाऱ्या १८ स्केटरांपैकी किमान १३ डेव्हलपमेंट खेळाडू लागतात: त्यातल्या १२ जणांचे व्यावसायिक सामने २६० किंवा कमी, एकाचे ३२० किंवा कमी. गोली यात धरत नाहीत. म्हणजे मुरलेले स्केटर पाचच उतरवता येतात. जुलैत संघ ३० वर्षांचे सहा-सात जण घेतो तेव्हा ऑक्टोबरात एक-दोन जण पूर्ण पगारावर कोट-टायमध्ये बसतात.

पहाटेचा_पक

वेव्हर्स आणि डेडलाइन दोन्ही स्पष्ट झालं. आता यादी कशी करायची ते सांगा. जून सुरू झाला की वही घेऊन बसायचं तर कोणत्या क्रमाने?

गंगापूररोड_गोली

आधी करार कधी संपतो ते लिहा. ३० जूनला संपत असेल तर वय आणि हंगाम बघा. २७ वर्षं किंवा एनएचएलचे ७ हंगाम झाले असतील तर तो मोकळा, १ जुलैला कुठेही जाऊ शकतो. त्याआधीचा असेल तर तो मर्यादित मोकळा, आणि त्याच्यावरचा हक्क राखायला संघाला क्वालिफायिंग ऑफर द्यावी लागते. २०२५ ला तिची मुदत ३० जून होती. ऑफर नाही दिली तर तोही मोकळा. कॅप हिट (संघाच्या एकूण पगारमर्यादेत, म्हणजे कॅपमध्ये, धरली जाणारी रक्कम) बघून हिशेब करू नका, शेवटच्या वर्षाचा मूळ पगार बघा. ६ लाख ६० हजारांच्या वर आणि १० लाखांच्या आत असेल तर १०५ टक्के, पण १० लाखांच्या वर जात नाही. १० लाख किंवा जास्त असेल तर १०० टक्के. ८ लाख ५० हजारवाल्याला ८ लाख ९२ हजार ५००. ही रक्कम त्या खेळाडूसाठी जास्त वाटली, किंवा तो लवादाकडे जाऊन आणखी मागेल अशी भीती असली, की संघ ऑफरच देत नाही. जूनअखेरच्या बऱ्याचशा ‘धक्क्यां’चं कारण हेच.

ज्यावर लोकांचं लक्ष जात नाही तो ग्रुप ६. वय २५, तीन किंवा जास्त व्यावसायिक हंगाम आणि एनएचएलचे ८० पेक्षा कमी सामने असतील तर खेळाडू पूर्ण मोकळा होतो. गोलीसाठी ८० ऐवजी २८. फार्म टीममध्ये चमकलेले पण वर संधी न मिळालेले नेमके इथून निसटतात. म्हणून प्रत्येक नावापुढे एनएचएल सामन्यांचा आकडा लिहाच.

मग वेव्हर्सचा रकाना: सूट आहे, संपली, की येत्या हंगामात संपेल. ‘संपेल’वाल्यांच्या नावाखाली लाल रेघ मारा. पुढच्या उन्हाळ्यातले शिलोव्स त्यांच्यातच असतात.

सिडको_ब्लूलाइन

पैशाचा रकाना मी भरतो. कॅप ८.८ कोटींवरून २०२५-२६ साठी ९.५५ कोटी डॉलर झाली. उन्हाळ्यात १० टक्के वर जायला परवानगी असते, हंगाम सुरू होताना मात्र आत यावंच लागतं. त्यामुळे जुलैत संघ कॅपच्या वर दिसला तर घाबरायचं कारण नाही. ब्रॉक बोसरला सात वर्षं वर्षाला ७२.५ लाखांनी ठेवलं तेव्हा जागा आहे कुठे, असं इथेच विचारलं गेलं होतं. ती जागा याच वाढीतून निघाली.

महागड्या खेळाडूला खाली पाठवलं की कॅप मोकळी होते, हेही अर्धसत्य. २०२५-२६ च्या आकड्यांनी सुटतात फक्त ११.५ लाख, म्हणजे ७.७५ लाखांचा किमान पगार अधिक ३.७५ लाख. २० लाखांच्या माणसाला खाली पाठवलं तरी ८.५ लाख वरच्या हिशेबात राहतात. बायआउटमध्ये (पैसे देऊन करार मोडण्यात) उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश द्यावे लागतात, २६ च्या आतल्याला एक तृतीयांश, आणि ते उरलेल्या वर्षांच्या दुप्पट वर्षांत पसरतात. दोन वर्षं उरलेल्याची कात्री चार वर्षं कॅपवर चालते. म्हणून मोठ्या बायआउटच्या अफवांवर फार विसंबू नका.

आणि ५० करारांची मर्यादा. नुसत्या एएचएल कराराचे खेळाडू त्यात मोजत नाहीत, म्हणून संघ अशा चार-पाच जणांना ॲबट्सफर्डच्या करारावर घेतो. तुम्हाला आवडलेल्या खेळाडूचं नाव व्हँकुव्हरच्या यादीत नसेल तर आधी हे तपासा.

द्राक्षबाग_दिंडोरी

वहीत एक ओळ अजून. वेव्हर्समधून सुखरूप निघालेला खेळाडू पुढे १० एनएचएल सामने खेळेपर्यंत किंवा वरच्या रोस्टरवर ३० दिवस होईपर्यंत पुन्हा वेव्हर्सशिवाय खाली पाठवता येतो. सप्टेंबरअखेर कोण निघाला त्याची तारीख लिहून ठेवा आणि तिथून त्याचे वरच्या रोस्टरवरचे दिवस मोजा. २८-२९ व्या दिवशी कुणी काही कारण नसताना ॲबट्सफर्डला गेलेला दिसला, तर तो खराब खेळला असं समजू नका. घड्याळ थांबवण्यासाठी पाठवलेला असतो.

पहाटेचा_पक

रकाने आखले: करार कधी संपतो, वय, एनएचएल सामने, वेव्हर्स, पगार. ॲबट्सफर्डपासून सुरुवात करतो. पहिलं नाव अर्शदीप बैन्स, त्याचा वेव्हर्सचा रकाना भरला की इथे टाकतो. तुम्ही तपासा.