दुसरं लिनक्स टाकल्यापासून डेबियन चालू व्हायला दीड मिनिट लागतंय, स्वॅप पण गायब

सांगलीकर:
नमस्कार मंडळी. लॅपटॉपवर डेबियन मस्त चालू होतं, परवा शेजारच्या पार्टिशनवर दुसरं एक लिनक्स टाकून बघितलं आणि तेव्हापासून डेबियन चालू करताना स्टार्ट जॉब इज रनिंग असं येऊन १ मिनिट ३० सेकंद नुसतं मोजत बसतं, मग चालू होतं पण फ्री कमांड मारली की स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) शून्य. रॅम ४ जीबीच आहे, ब्राउझरचे दहा टॅब उघडले की मशीन मान टाकतं. एफएसटॅबला (चालू होताना कोणती पार्टिशन जोडायची त्याची यादी असलेली फाइल) मी हातही लावलेला नाही.

टर्मिनलप्रेमी:
नव्या इन्स्टॉलरनं तुझं स्वॅप परत फॉरमॅट केलंय. एमकेस्वॅप (स्वॅप फॉरमॅट करणारी कमांड) चालला की यूयूआयडी, म्हणजे त्या जागेचा ओळख क्रमांक, नवा पडतो, आणि डेबियन बिचारं जुन्याच यूयूआयडीची वाट बघतंय. सुडो लावून ब्लकआयडी मार, ते आत्ताचे यूयूआयडी दाखवेल, एफएसटॅबमधला यूयूआयडी त्याच्याशी ताडून बघ, जुळणार नाही. मग स्वॅपऑफ करून स्वॅपलेबल कमांडनं त्याला नाव दे, एमकेस्वॅप अजिबात नको, नाहीतर यूयूआयडी परत बदलेल आणि आता दुसरं लिनक्स अडकेल. एफएसटॅबमध्ये यूयूआयडीच्या जागी लेबल लिही, स्वॅपऑन -ए मार.

जुना_युनिक्सवाला:
निदान बरोबर आहे, पण ते लेबलसुद्धा स्वॅपच्या हेडरमध्येच असतं रे, उद्या तिसरं लिनक्स टाकलं की तेही पुसलं जाणार. डिस्कचं पार्टिशन टेबल नव्या जीपीटी प्रकारचं असेल तर पार्टेड या पार्टिशनच्या टूलमध्ये नेम ३ स्वॅपघर असं पार्टिशनलाच नाव दे (३ च्या जागी तुझा नंबर) आणि एफएसटॅबमध्ये पार्टलेबल वापर. ते नाव पार्टिशन टेबलमध्ये राहतं, आत कितीही वेळा फॉरमॅट झालं तरी हलत नाही. जुन्या एमबीआर डिस्कवर हे चालत नाही, तिथे लेबलच.

आणि जुना यूयूआयडी अजून एका जागी असतो, इनिटरामएफएस-टूल्सच्या (चालू होतानाची सुरुवातीची इमेज बनवणारं टूल) कॉन्फ.डी मधली रिझ्यूम नावाची फाइल. हायबरनेट (रॅममधलं सगळं स्वॅपवर ठेवून मशीन बंद करणं) वापरत नसशील तर तिथे रिझ्यूम=नन लिहून अपडेट-इनिटरामएफएस -यू मार. एकच स्वॅप दोघांत वाटून घेतलंय ना, मग हायबरनेट करूच नकोस. डेबियन झोपवून दुसरं लिनक्स चालू केलंस तर ते त्याच स्वॅपवर लिहिणार, आणि उघडं ठेवलेलं सगळं काम जाईल.

सांगलीकर:
डिस्क जीपीटीच निघाली, पार्टलेबल टाकलं. रिझ्यूमच्या फाइलमध्ये खरंच जुना यूयूआयडी बसला होता, ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आता लॉगिन स्क्रीन पटकन येते, स्वॅपऑन --शो मध्ये ४ जीबी दिसतंय. दोघांचे मनापासून आभार, आता दुसऱ्या लिनक्सच्या एफएसटॅबमध्येही हेच करतो.