मदत हवी आहे: इंग्रजीचा भविष्यकाळ लेकीला कसा समजावू?

नमस्कार मंडळी. लेक आठवीत, मराठी माध्यम. तिच्या वहीत चारही भविष्यकाळ ओळीने आहेत: आय विल राइट, आय विल बी रायटिंग, आय विल हॅव रिटन, आय विल हॅव बीन रायटिंग. पाठ एकदम चोख. वापरायची वेळ आली की गाडी अडते.

'मी जाईन' म्हणजे विल गो, 'मी जाणार आहे' म्हणजे ॲम गोइंग टु गो, हे ढोबळ असलं तरी तिला पटलं. पूर्ण काळासाठी 'तू येशील तोवर माझा स्वयंपाक झालेला असेल' कामी आलं. चौथ्यापाशी मात्र मीच अडकले. 'येत्या जूनमध्ये आम्हाला या घरात पाच वर्षं होतील' यात राहण्याचं क्रियापदच नाही. मग विल हॅव बीन लिव्हिंग कुठून काढायचं?

खरं दुखणं वेगळंच आहे. 'बाबा येतील तेव्हा जेवू' याचं ती हमखास 'व्हेन बाबा विल कम' करते. असल्या व्हेन, इफ, अंटिलने सुरू होणाऱ्या भागात विल नको, साधा वर्तमानकाळ घे, हे दहादा सांगून झालं. तिचं एकच, "पण आई, 'येतील' हा भविष्यकाळच ना?" आता काय बोलणार! (आपणही जायच्या आधीच 'आलेच!' म्हणून ओरडतो, तो तर भूतकाळ. हे सांगू, की आणखी गोंधळ होईल?)

शिकवण्या घेणाऱ्यांनी एखादी युक्ती सांगा. आणि हो, आम्हाला आय आणि वुईपुढे शॅलच शिकवलं होतं; ती सगळीकडे विल लिहिते. चालू देऊ ना?